आत्याचा हलवा आणि माझी वाकडी लेन्स

माझ्याकडे एक जुनी लेन्स आहे. तिला आपणहून काहीही करता येत नाही. फोकस हाताने करायचा, आतलं छिद्र हाताने लहानमोठं करायचं. अंगावर दोन खुंट्या आहेत. एक पिळली की लेन्स मान वाकवते, दुसरी पिळली की सबंध बाजूला सरकते. टिल्ट-शिफ्ट हे तिचं खरं नाव, पण आमच्या घरी तिला वाकडी म्हणतात, आणि त्यात थोडा रोख माझ्याकडेही असतो हे मला ठाऊक आहे. डिजिटल कॅमेऱ्याला ती लावली की कॅमेरा बिचकतो. लेन्स लावलेलीच नाही, असं पडद्यावर सांगून मोकळा होतो. मग सेटिंगमध्ये शिरून त्याला दटावायचं की बाबा, तुला लेन्स ओळखता आली नाही तरी फोटो काढ.

यावरच माझं पोट चालतं. बडोद्याजवळच्या वाघोडियाच्या कारखान्यांतले व्हॉल्व्ह, नोझल, पितळी जोड मी कॅटलॉगसाठी टिपते. कारखानदाराला आपला व्हॉल्व्ह पहिल्या आट्यापासून शेवटच्या आट्यापर्यंत स्पष्ट हवा असतो. साध्या लेन्सने जवळून टिपला तर पुढचे दोन आटे दिसतात आणि मागचे धुक्यात जातात. वाकडीची मान हवी तेवढी वाकवली की स्पष्टपणाचा तो पातळ पडदा उभा न राहता आडवा होतो, वस्तूवर चादरीसारखा पसरतो, आणि मागचा शेवटचा आटासुद्धा लख्ख दिसतो. हल्ली लोकांना मागचं सगळं धूसर केलेले फोटो आवडतात. फोनमध्ये तर त्याचं बटणच असतं. मला त्याची चीड आहे. जे दाखवायचं नाही ते समोर मांडावं कशाला?

एवढ्या ठामपणे बोलणाऱ्या माझा हात गेल्या संक्रांतीच्या आधी त्याच खुंटीवर अडला, आणि तोही आत्यासमोर.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. मांजलपूरला मुलाकडे, म्हणजे माझ्या आतेभावाकडे राहते. बडोद्याच्या एका मराठी शाळेत तिने जन्मभर विज्ञान शिकवलं. अजून बाजारात एखादे टक्कल पडलेले गृहस्थ तिला बघून सरळ उभे राहतात. तोंडदेखली स्तुती तिला जमत नाही, आणि दुसऱ्याने केलेली चालत नाही. माझ्या लग्नात माझा चेहरा रंगवून झाल्यावर सगळ्या बायका छान दिसतेस म्हणत होत्या. आत्या पुढे आली, जवळून पाहिलं आणि म्हणाली, "पीठ चाळून घेतलं होतं ना?" मी तोंड धुऊन आले. फोटोत बरी दिसते, ते तिच्यामुळे.

आमच्या घरात नवी सून आली की तिच्या पहिल्या संक्रांतीचे हलव्याचे दागिने आत्याच्या हातचे, हे ठरलेलं. दागिन्यांचा हलवा बाजारात मिळतो, पुण्याहून डबेच्या डबे येतात, पण आत्या घरीच करते. खसखशीचा दाणा, साखरेचा पाक आणि मंद आच. परातीत खसखस घ्यायची, चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचं. सुकले की पुन्हा पाक, पुन्हा बोटं. रोज पहाटे एक छोटा घाणा, असं बरेच दिवस. दाणा फुगत जातो आणि सगळं जमून आलं तर त्याच्या अंगावर काटा फुटतो. आच जराशी वाढली की काटा गेला. हवा दमट झाली, ढग आले, की गेला. बडोद्याला थंडी येते ती घाईतल्या पाहुण्यासारखी, बूटसुद्धा काढत नाही. तेवढ्यात साधायचं. काटा न फुटलेल्या हलव्याला आत्या हलवा म्हणतच नाही, गोळ्या म्हणते.

त्या वर्षी तिच्या नातवाचं लग्न झालं. मुलगी डभोईची, गुजराती, गोड बोलणारी आणि कशालाही हो म्हणणारी. आत्याने नोव्हेंबरपासूनच परात घासून ठेवली होती. पण आता तिच्या डोळ्यांत मधोमध डाग आहे. समोर माणूस उभं आहे हे कळतं, चेहरा कळत नाही. मान तिरकी करून कडेने पाहिलं तर थोडंफार दिसतं. आणि मधुमेहाने बोटांची टोकं बधिर झाली आहेत. म्हणजे काटा फुटला की नाही हे तिला दिसतही नाही आणि लागतही नाही. तरी ती पहाटे बसत होती. मी एकदा म्हटलं, आत्या, राहू दे यंदा. ती म्हणाली, "का? मी राहिले आहे ना अजून?"

संक्रांतीला तीन-चार दिवस असताना तिचा फोन आला.

"मोकळी आहेस का?"

"का गं?"

"हलवा झाला. हारसुद्धा ओवून झाला. छान काटा आलाय म्हणतात."

"मग झालं तर."

"म्हणतात," आत्या म्हणाली. "सून म्हणते, मुलगा म्हणतो, शेजारची म्हणते. सगळे एकच वाक्य बोलतात, कॉपी केलेल्या पेपरासारखं. तुझी ती मान वाकवणारी लेन्स घेऊन ये. काटा नसेल तर मी तो पोरीच्या गळ्यात घालणार नाही. बाजारातला आणा, माझं काही म्हणणं नाही. पण आधी मला कळू दे."

मी स्कूटरवर तिपाई आडवी बांधून निघाले. वाटेवर जिकडेतिकडे मांजा रंगवायला बसलेले, रस्त्यावर गुलाबी दोरे ताणलेले, त्यामुळे मी गळ्याला ओढणी गुंडाळून आणि जिभेवर शिव्या ठेवून मांजलपूर गाठलं. दार वहिनीने उघडलं. ही माझी आतेवहिनी, आत्याची सून. स्वभावाने इतकी मऊ की तिच्याशी भांडायला जावं तर आपलीच पंचाईत होते. लग्न होऊन आली तेव्हापासून ती आत्याला "हो आई" म्हणत आली आहे आणि मनापासून म्हणते, हे विशेष.

"ताई, कशाला एवढा पसारा आणलात?" ती हळूच म्हणाली. "आमच्या सुनेने काढलाय की फोटो." आणि तिने फोन पुढे केला. पुढचे दोन दाणे काटेरी, बाकी सगळा हार दुधात बुडाल्यासारखा. खाली गुजरातीत कोणीतरी लिहिलं होतं, बहु सरस. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "हा फोटो नाही, हा पडदा आहे." वहिनीने फोन झटकन मागे घेतला. एरवी ती हसली असती.

जेवणाच्या टेबलावर काळं कापड टाकून मी हार मांडला. पांढऱ्या दाण्यांचा, मधूनमधून केशरी, सोनेरी मण्यांनी जोडलेला. आत्या खुर्ची ओढून अगदी कोपराला कोपर लावून बसली. मी पिशवीतून एक्स्टेन्शन ट्यूब काढल्या तेव्हा तिने एक हातात घेतली आणि तिच्यातून बोट आरपार घातलं.

"यात काच नाही?"

"नाही. नुसती पोकळ नळी. कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसते."

"आत काहीच नसून मध्ये बसायचं. आमचे एक हेडमास्तर होते तसे." मग क्षणभर थांबून तिचा चेहरा उजळला. "थांब. मेणबत्ती भिंगाच्या जवळ आणली की पडदा लांब न्यावा लागायचा. तेव्हा ज्योत मोठी पडायची. तू पडदा लांब नेतेस. बरोबर?"

"बरोबर."

"आठवीला आहे हे," ती समाधानाने म्हणाली. "त्यासाठी एवढा खटाटोप."

आधी साधीच लेन्स लावली. दोन नळ्या चढवल्यावर ती हाराच्या इतकी जवळ आली की माझं नाक टेबलाला लागायची वेळ आली. या अवस्थेत उजेड कमी होतो आणि श्वास सोडला तरी चित्र हलतं. मी दिवा बाजूला, अगदी टेबलाच्या पातळीला ठेवला. त्या उजेडात काय, साबुदाणासुद्धा काटेरी दिसेल. पहिला फोटो काढून मी आत्याला तोंडी सांगितलं की काटा दिसतोय.

"दिवा कुठे ठेवलास?"

"बाजूला."

"खाली?"

"हो."

"वर घे. वर्गाच्या खिडकीतून यायचा तसा उजेड दे. तिन्हीसांजेला रस्त्यावरचे खडेपण डोंगर दिसतात."

मी दिवा वर घेतला. मनात म्हटलं, ही बाई कारखान्यात असती तर एकही व्हॉल्व्ह पास झाला नसता. दुसरा फोटो काढला. पुढचे दोन दाणे स्पष्ट, त्यांना काटा होता, चांगला होता. मागचे पुसट.

"मागचे?"

"मागचे जरा धूसर आहेत. त्यासाठी वाकडी वापरावी लागेल."

"मग वरून काढ सरळ. हार सपाट आहे, सगळा एका अंतरावर येईल."

"वरून काढला तर काटे टोकाने आपल्याकडे बघतात. ठिपके दिसतात नुसते. काटा बघायचा तर तिरकंच बघावं लागतं."

आत्याला हे फार पटलं, कारण तीही आता जगाकडे तिरकंच बघते. ती म्हणाली, "मग वाकव मान. पण शेवटच्या दाण्यापर्यंत."

साधी लेन्स काढून नळ्यांच्या पुढे वाकडी लावली. आता सुरू झाला माझा आवडता आणि डोकं फिरवणारा खेळ. पुढच्या दाण्यावर फोकस करायचा. मग मागच्या दाण्याकडे जाऊन खुंटी पिळायची, तो स्पष्ट होईपर्यंत लेन्सची मान वाकवायची. तेवढ्यात पुढचा बिघडतो. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. इतक्या जवळून थोडं वाकवून भागत नाही, चांगली ढोपरासारखी मान वाकवावी लागते. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर चित्र दहापट मोठं करून मी दाण्यामागून दाणा तपासत निघाले. याला धीर लागतो. मला माणसांच्या बाबतीत धीर नाही, वस्तूंच्या बाबतीत आहे.

हाराच्या मध्यावर आले तेव्हा मला काहीतरी खटकलं. दाणे सुंदर होते. काटा भरगच्च, सगळीकडून सारखा. पुढचाही तसाच, त्याच्या पुढचाही. मापाने एक, आकाराने एक. असं सारखेपण मी रोज बघते. वाघोडियाहून येणाऱ्या खोक्यांत असंच असतं. मी मान वर केली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात चिमटा होता आणि त्या चिमट्याने ती नुसतीच हवा पकडत होती. माझ्याकडे बघून तिने अगदी हळू मान हलवली, नको म्हणून.

हार ओवायचं काम वहिनीचं, कारण आत्याला सुई दिसत नाही. सगळं मला एकदम कळलं. माझा हात खुंटीवर होता. ती थोडी उलट पिळली असती तर हाराचा तो सगळा भाग विरघळून गेला असता, आणि मी म्हणू शकले असते, आत्या, मागचं येत नाही गं, जुनी लेन्स आहे. ज्या धुक्याला मी शिव्या घालत आले तेच मला त्या क्षणी फार मायेचं वाटलं. मी खरंच पिळणार होते.

"थांबलीस का?" आत्या म्हणाली. "जमलं वाटतं. टीव्हीला जोड."

मी फोटो काढला आणि टीव्हीला जोडला. आत्या उठली, खुर्ची टीव्हीच्या पुढ्यात नेली आणि मान तिरकी करून बसली. हार पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला होता, एकेक दाणा आवळ्याएवढा. ती कडेकडेने बघत राहिली. मग तिने बोटाने काचेवर एक दाणा दाबला, मग दुसरा. तिचा चेहरा आधी खुलला आणि हळूहळू शांत झाला. पेपर तपासताना तो असाच व्हायचा.

"फोटो चांगला आहे," ती म्हणाली. "हलवा माझा नाही."

बाहेर गच्चीवर पोरं पतंगांची तालीम करत होती, त्यांचा आरडाओरडा आत येत होता.

"माझ्या हातचे दोन दाणे सारखे झाले नाहीत कधी," आत्या म्हणाली. "हे सगळे जुळे भाऊ आहेत. कुठून आणलास गं?"

वहिनी दारातच खाली बसली आणि रडायला लागली. मग तुटक तुटक सगळं सांगितलं. पहिल्या काही दिवसांचा हलवा साफ गुळगुळीत झाला होता, कारण आच वाढलेली आत्याच्या बोटांना कळत नव्हती. वहिनीने गॅस बारीक करून पाहिला, आत्याने तो पुन्हा चाचपून मोठा केला. तेव्हा वहिनीने पुण्याहून कोणाकरवी डबा मागवला आणि ओवताना तोच घेतला. आत्या पहाटे जे करायची ते ती दुपारी एका स्टीलच्या डब्यात ओतून ठेवायची.

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, आई," ती म्हणाली. "तुमचं तोंड बघवलं नसतं मला."

मला वाटलं आता आत्या चिडेल. मी तर चिडलेच होते, पण कोणावर ते ठरत नव्हतं. आत्याने हाताने खूण करून वहिनीला जवळ बोलावलं आणि खुर्चीच्या हातावर तिचा हात ओढून घेतला.

"गोळ्या झाल्या त्याचं मला वाईट नाही," ती म्हणाली. "हात गेला तर गेला. डोळे गेले ते सांगून गेले का? पण तुम्ही सगळ्यांनी मला सांगायचं बंद केलंत. नापास झालेल्या पोरालासुद्धा मी त्याचा पेपर दाखवायची. तो दाखवला नाही की त्याला वाटतं, आता आपण वर्गातच नाही." एवढं बोलून तिला रडू फुटलं. आत्याला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मला ते पाहवेना म्हणून मी उगीच लेन्सवरची धूळ पुसत राहिले, आणि मग मलाही रडू आलं. तिघींनी यथासांग रडून घेतलं.

आधी आत्या सावरली. "तो डबा आण," ती म्हणाली.

डबा फ्रिजवरून खाली आला. वहिनीने तो पहिल्या दिवसांनंतर उघडून नीट पाहिलाच नव्हता, नुसतं वरून ओतत गेली होती. तिची हिंमत झाली नव्हती. आत्याच्या हलव्याच्या डब्याला तोंड लपवून फ्रिजवर बसावं लागलं, याचं मला अजून वाईट वाटतं. मी ताटात काळं कापड घालून दाणे पसरले. दिवा वर ठेवला, खिडकीसारखा. मान तेवढीच वाकवली. या खेपेला पुढून मागे सरकताना मी एकेक दाणा दोनदोनदा तपासत होते, आणि व्हॉल्व्ह टिपताना मी तसं कधी करत नाही.

टीव्हीवर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. बहुतेक दाणे गुळगुळीत, काही तर चपटे, एकमेकांना चिकटलेले. पण मध्येच एक दाणा, वेडावाकडा, एका बाजूला बसका, आणि दुसऱ्या बाजूला काटा. खरा, बारीक, कोवळा काटा. जरा पलीकडे अजून एक. आदल्या आठवड्याच्या शेवटी थंडी कडकडून पडली होती, तेव्हाचे असणार. आच जास्त असूनही थंडीने तिला थोडी सूट दिली होती.

"हा," आत्या म्हणाली आणि बोट काचेवर ठेवलं. "हा माझा. आणि हा. वेंधळा आहे, पण माझा आहे."

"पुष्कळ आहेत आई," वहिनी घाईघाईने म्हणाली.

आत्याने नुसती तिच्याकडे मान वळवली.

"थोडे आहेत," वहिनी म्हणाली.

"किती थोडे?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मग ताटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "हार नाही होणार. एक बांगडी होईल. तीसुद्धा नाजूक."

"मग एक बांगडी कर," आत्या म्हणाली. "बाकीचे दागिने पुण्याचे राहू दे, चांगले आहेत, मी तेवढी कोती नाही. आणि या गोळ्या तिळगुळात मिसळून वाटा. गोडीला काही झालेलं नाही."

तिन्हीसांज होईपर्यंत आम्ही दाणे निवडत बसलो. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघून सांगायचे, वहिनी चिमट्याने उचलायची, आणि शंका आली की आत्या टीव्हीपाशी जाऊन निकाल द्यायची. दोन-तीन दाण्यांवरून तिचं माझं भांडण झालं. मी दयेने पास करत होते असा तिचा आरोप होता, आणि तो खरा होता. नातसून कामावरून आली ती दारातच थबकली. टीव्हीवर साखरेचे धोंडे आणि तीन बायका डोळे सुजवून बसलेल्या. सगळं ऐकल्यावर ती आत्याच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "आजी, मने तो तुमचीच बांगडी पाहिजे ने. बाकी बधु चालशे." आत्याने तिला सांगितलं की ही बांगडी फार जोरात हात हलवला तर तुटेल. ती म्हणाली, मग मी पतंगाची फिरकीच धरणार नाही. उत्तरायणाला, ऐन पतंगांच्या दिवशी, डभोईच्या मुलीने एवढं कबूल करणं ही लहान गोष्ट नाही.

संक्रांतीला दुपारी मी लवकर गेले. संध्याकाळी हळदीकुंकू होतं, शेजारच्या आणि नात्यातल्या बायका येणार होत्या. नातसून काळी साडी नेसून, हार, मुकुट, बाजूबंद घालून बसली होती. उजव्या हातात पुण्याच्या बांगड्या, डाव्या हातात एकटी आत्याची. तो हात तिने उशीवर ठेवला होता, प्लास्टर घातल्यासारखा. मी वाकडी आणली होतीच. नळ्या लावून बांगडीचा फोटो काढला, पुढच्या दाण्यापासून मागच्या दाण्यापर्यंत, बसक्या बाजूंसकट. तो आता माझ्या टेबलासमोर भिंतीवर आहे. व्हॉल्व्हवाले येतात आणि विचारतात, बेन, आ शुं छे? मी सांगते, आत्या.

आत्या सकाळपासून तयार होऊन बाहेरच्या खोलीत बसली होती. काळी साडी, बारीक जरीचा काठ. मी आत शिरताच माझ्या लक्षात आलं की साडी उलटी नेसली आहे. जरीच्या मागचे सुटे धागे सगळे बाहेर लोंबत होते, फॉलची पट्टी दिसत होती. आतेभाऊ दोनदा तिच्यासमोरून गेला, काही बोलला नाही. नातसून माझ्याकडे बघत होती. मीही आत्याच्या शेजारी बसले आणि माझ्याच्याने तोंड उघडेना. सणाचा दिवस, ती इतकी खुशीत होती, बायका यायच्याच होत्या.

वहिनी तिळगुळाचं तबक घेऊन आली. तबक तिने टेबलावर ठेवलं, आत्यासमोर उभी राहिली आणि एक मोठा श्वास घेतला.

"आई," ती म्हणाली, "साडी उलटी नेसलाय तुम्ही."

आत्याने पदर हातात घेऊन चाचपला. "कधीपासून?"

"सकाळपासून."

"आणि आत्ता सांगतेस?"

"धीर होत नव्हता."

आत्या हसायला लागली. आधी हळू, मग खांदे हलवत, डोळ्यांना पाणी येईपर्यंत. वहिनीच्या आधाराने ती उठली आणि दोघी आतल्या खोलीत गेल्या. दार अर्धवटच लोटलेलं होतं. वहिनी गुडघ्यांवर बसून निऱ्या धरत होती. तिचं "हो आई" मला ऐकू आलं नाही. ती म्हणत होती, "इथे अजून चुकलंय." आणि आत्या मोठ्या आनंदाने विचारत होती, "कुठे? दाखव."